पहिल्यांदाच डेस्कटॉप जोडतेय, तोही गोव्यातल्या माशेलात बसून. सांभाळून घ्या

तिरफळ | २१ एप्रिल, रात्री १०.५२

नमस्कार मंडळी. इतकी वर्षं नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय.

यंदा आमच्या जत्रेतलं नाटक आम्ही तीन मोबाइलवर तीन बाजूंनी चित्रित केलं. पडदा उघडण्यापासून मेकअप उतरवण्यापर्यंत पावणेचार तास. ते जोडून, आवाज साफ करून गावात दाखवायचं अशी बढाई मी नटमंडळींसमोर मारून बसले. लॅपटॉप सात वर्षांचा. पहिल्या अंकाचं रेंडर (सगळे तुकडे जोडून एक अखंड फाइल बनवणं) रात्री लावलं, पहाटेपर्यंत पंखा पिठाच्या गिरणीसारखा घरघरत होता आणि सकाळी बघते तर निळा स्क्रीन.

बंगळुरूचा पुतण्या म्हणतो, "काकू, डेस्कटॉप जोड, लॅपटॉपच्या पैशात दुप्पट काम होईल." त्याच्या जुन्या मशीनमधल्या ८ जीबी डीडीआर४ रॅमच्या दोन पट्ट्याही त्याने पाठवून दिल्यात. बजेट पंचेचाळीस हजार. मॉनिटर, कीबोर्ड, माऊस घरात आहेत. गेम कोणी खेळत नाही.

अनुभव म्हणाल तर मिक्सरचे कार्बन ब्रश स्वतः बदलते. बस्स. काय घेऊ?

मांडवी_पल्याड | २१ एप्रिल, रात्री ११.१४

ताई, स्वागत. डोळे मिटून एएमडीचं एएम५ (प्रोसेसर बसतो ते सॉकेट) घ्या. रायझन ५ ७६०० प्रोसेसर आणि बी६५० मदरबोर्ड. हे सॉकेट २०२२ ला आलंय, पुढे नुसता प्रोसेसर बदलला की झालं. इंटेल दर दोन पिढ्यांनी बोर्ड फेकायला लावतं.

फक्त त्या जुन्या रॅम विसरा. एएम५ ला डीडीआर५ च लागते.

लॅमिंग्टन_रिटर्न | २१ एप्रिल, रात्री ११.४०

सुरू झाला बाबा पंथप्रचार.

तिरफळताई, मी दहा वर्षं ग्रँट रोडला याच धंद्यात होतो, आता म्हापशाला घरी परतलोय. रॅमच्या भावांचं काय झालंय ते बघा आधी. २०२५ च्या शेवटापासून एआयच्या डेटासेंटरवाल्यांनी मेमरी अशी उचलली की किरकोळ ग्राहक रस्त्यावर आला. अशा वेळी घरात आयत्या आलेल्या १६ जीबी डीडीआर४ वर पाणी सोडायचं?

तुमचं काम मोबाइलवरच्या व्हिडिओचं. मोबाइल एच.२६४ नाहीतर एच.२६५ मध्ये चित्रण करतो, दोन्ही घट्ट दाबलेले फॉरमॅट. टाइमलाइनवर एक फ्रेम दाखवायची तर आसपासच्या दहा उलगडाव्या लागतात. तुमच्याकडे तर तीन कॅमेरे एकदम. इंटेलच्या अंगच्या ग्राफिक्समध्ये क्विक सिंक नावाचा वेगळा भाग आहे, २०११ पासून. उलगडायची आणि परत दाबायची हमाली तो करतो, सॉफ्टवेअरने त्याला कामाला लावलं की झालं. एएमडीतही अशी सोय आहे, पण एडिटिंगची सॉफ्टवेअरं क्विक सिंकशी जास्त जुळलेली आहेत.

म्हणून: कोअर आय५ १२४००. सहा कोअर, बारा थ्रेड. बोर्ड बी७६०, डीडीआर४ वाला. एकाच नावाचे बोर्ड दोन्ही प्रकारांत मिळतात, डब्यावर डी४ लिहिलंय का ते बघूनच घ्या. डीडीआर४ आणि ५ ची खाच वेगळ्या जागी असते, जोर लावून काही होत नाही, तुटतं फक्त.

आणि दुकानदार "१२४००एफ घ्या, स्वस्त पडतो" म्हणेल. एफ म्हणजे अंगच्या ग्राफिक्सविना. वेगळं कार्ड नसेल तर स्क्रीनवर अंधार, आणि क्विक सिंकही गेलं.

मांडवी_पल्याड | २१ एप्रिल, रात्री ११.५८

रॅमचा मुद्दा मान्य. बाकीचं उद्या भांडू. गुड नाइट.

डिचोलीचा_नाना | २२ एप्रिल, सकाळी ६.०५

बाय, मशीन कुठलंही घे. घराची अर्थिंग बघितलीस का?

तिरफळ | २२ एप्रिल, सकाळी ९.३०

लॅमिंग्टनदादा, खूप आभार, पहिल्यांदाच कोणीतरी "का" ते सांगितलं. नाना, ते नंतर बघते, आधी सामान तरी येऊ दे 🙂

कुशावती | २२ एप्रिल, दुपारी १.२०

सामान "येऊ दे" म्हणताय म्हणून लिहिते. काय घ्यायचं ते सगळे सांगतील, कोणत्या क्रमाने घ्यायचं ते कोणी सांगत नाही. माझे त्यापायी हात पोळलेत.

मुंबईत एका रस्त्यावर उभं राहून सगळं घेता येतं. आपल्याकडे पणजी-मडगावात प्रोसेसर मिळतो, पण हवा तो बोर्ड "मागवून देतो, शुक्रवारी या". मग आपण तुकड्या-तुकड्याने मागवतो. मी कॅबिनेट आधी घेतलं कारण त्यावर सूट होती. मग एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज देणारा डबा. मग बोर्ड. प्रोसेसर सगळ्यांत शेवटी, पगार झाल्यावर. एकवीस दिवस लागले. जोडल्यावर कळलं की बोर्डाचा एक रॅम स्लॉट मेलेला आहे. परत करायची मुदत सात दिवसांची, ती कधीच संपलेली. मग वॉरंटीसाठी बोर्ड गोव्याबाहेर पाठवला, तो परत यायला दीड महिना.

तर बोर्ड, प्रोसेसर आणि एसएमपीएस एकाच आठवड्यात हातात येतील असं बघा. रॅम तुमच्याकडे आहेच. एवढ्यावर मशीन सुरू होऊन बायॉस (बोर्डाचा स्वतःचा सेटिंगचा स्क्रीन) दिसतो, एसएसडीसुद्धा लागत नाही. बोर्ड ज्या खोक्यातून येतो त्याच खोक्यावर ठेवून जोडायचं, कॅबिनेटच्या बाहेर. चाललं तर पुढचं. नाही चाललं तर मुदत शिल्लक आहे, आणि वीस स्क्रूही काढावे लागत नाहीत. कॅबिनेट सगळ्यांत शेवटी. तो पत्र्याचा डबा आहे, त्याला बिघडण्यासारखं काही नाही.

पार्सल फोडताना व्हिडिओ काढा, सीलपासून.

बिमली | २२ एप्रिल, दुपारी ३.०२

कुशावतीला शंभर मोदक.

एसएमपीएसवर मात्र कंजुसी नको. कॅबिनेटबरोबर "फुकट" येतो तो काढून भंगारात द्या. तुमच्या मशीनला ग्राफिक्स कार्ड नाही, १२४०० जोर लावला तरी ११७ वॉटपर्यंत जातो. म्हणजे ४५० वॉटचा चांगल्या नावाचा, ब्राँझ दर्जाचा (वीज कमी वाया घालवणारा) भरपूर, ५५० घेतलात तर पुढे कार्ड टाकायला वाव.

झुआरी | २२ एप्रिल, सायंकाळी ७.४५

विंडोजचे पैसे कशाला, लिनक्स टाका की.

लॅमिंग्टन_रिटर्न | २२ एप्रिल, रात्री ८.१०

टाका, पण दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंग सॉफ्टवेअरची फुकट आवृत्ती लिनक्सवर एच.२६४ उघडत नाही. म्हणजे ताईंचं अख्खं नाटक आधी दुसऱ्या फॉरमॅटमध्ये बदलत बसा. केडेनलाइव्ह वापरणार असाल तर लिनक्स उत्तम. तिरफळताई, तुम्ही काय वापरता?

तिरफळ | २२ एप्रिल, रात्री ८.२५

रिझॉल्व्ह. शिकायलाच चार महिने गेले, आता बदलायची ताकद नाही.

तिरफळ | ७ मे, रात्री ९.१५

कुशावतीने सांगितलं तसंच केलं. प्रोसेसर आणि एसएमपीएस पणजीत घेतले, बोर्ड आणि १ टीबीची एनव्हीएमई एसएसडी ऑनलाइन. चार दिवसांत सगळं घरात. कॅबिनेट अजून नाही. दुकानदाराने खरंच आधी "एफ" काढून दिला होता! मी डब्यावरचं वाचून परत केला, तेव्हा तो जरा नीट बोलायला लागला.

रविवारी बसते. अँटिस्टॅटिक पट्टा घ्यायलाच हवा का?

बिमली | ७ मे, रात्री ९.४०

स्थिर विजेचं खूळ कोरड्या थंडीच्या मुलखातलं. मे महिन्यात गोव्यात दाराची कडी चटका देते का कधी? दमट हवेत चार्ज साठतच नाही फारसा. रेशमी-नायलॉन काही घालू नका, अधूनमधून खिडकीच्या गजाला हात लावा, बोर्ड कडेने धरा. घामाचा थेंब बोर्डावर पडणार नाही एवढं बघा, आपल्याकडे खरा धोका तो.

तिरफळ | १० मे, दुपारी ४.३५

मंडळी, हात थरथरताहेत, पण लिहिते.

जेवणाच्या टेबलावर बोर्डाचं खोकं, त्यावर बोर्ड. सॉकेटची तार उचलली, चौकट उघडली. आत इतक्या बारीक पिना की श्वास लागला तरी वाकतील असं वाटलं. प्रोसेसरच्या कोपऱ्यावरचा सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि ठेवला, ढकलला अजिबात नाही. मग चौकट मिटून तार खाली दाबायची. दाबता दाबता असा कर्रर्र आवाज झाला की मी सोडूनच दिली. पुतण्याला व्हिडिओ कॉल. तो हसतोय! म्हणाला, "दाब, तो आवाज असाच असतो." दाबली, तर वरची काळी प्लास्टिकची टोपी टुणकन उडून थेट सासूबाईंच्या वातींच्या डब्यात.

कूलर इंटेलच्या डब्यातला, पेस्ट आधीच लावलेली. त्याला चार पाय, प्रत्येकाचा टक् आवाज येईस्तोवर दाबायचं, समोरासमोरचे दोन-दोन. बोर्ड वाकतो की हो! पापडाच्या लाटीसारखा. पण वाजले चारही.

रॅम दुसऱ्या आणि चौथ्या खाचेत. पुस्तिकेत तसं आहे. मोठी चोवीस पिनांची वायर लावली. चालू करायचं बटण तर कॅबिनेटवर, म्हणून पॉवर लिहिलेल्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर टेकवला. पंखा फिरला!!! आणि स्क्रीनवर काही नाही. बोर्डावर सीपीयू लिहिलेला बारका लाल दिवा पेटून राहतो. मॉनिटर "सिग्नल नाही" म्हणतो.

प्रोसेसर मेला का? त्या कर्रर्रमध्ये काही तुटलं का?

कुशावती | १० मे, दुपारी ४.४१

फोटो टाका. आधी मागची स्विच बंद करा.

बिमली | १० मे, दुपारी ४.४९

फोटो बघितला. डावीकडे वरच्या कोपऱ्यात आठ पिनांचं एक रिकामं सॉकेट दिसतंय. प्रोसेसरची वीज तिथून जाते, चोवीसच्या वायरीतून नाही. एसएमपीएसमधून ४+४ अशी दुभंगलेली वायर येते, तिच्यावर सीपीयू लिहिलेलं असेल. ६+२ वाली नको, ती ग्राफिक्स कार्डाची.

पंखा फिरतोय म्हणून सगळे फसतात. मीसुद्धा फसलेय.

तिरफळ | १० मे, सायंकाळी ५.१२

आलं आलं आलं!!! बायॉस आला! मामंजींना बोलावून दाखवलं. ते म्हणाले, "यात नाटक कुठे आहे?"

फक्त रॅम ८ च दिसते, १६ नाही.

लॅमिंग्टन_रिटर्न | १० मे, सायंकाळी ५.३०

वीज काढून दोन्ही पट्ट्या काढा. सोनेरी दात काळवंडलेत का बघा, माळ्यावर पडलेल्या असतील तर नक्की. मऊ पांढऱ्या खोडरबराने हलकेच पुसा, चुरा झटका, आणि बसवताना दोन्ही टोकं दाबा.

आणि ती काळी टोपी वातींच्या डब्यातून काढून बोर्डाच्या खोक्यात ठेवा. वॉरंटीला बोर्ड पाठवताना ती नसेल तर पिना वाकल्याचं खापर तुमच्यावर.

तिरफळ | १० मे, सायंकाळी ६.०५

पट्टीचं एक टोक अर्धवटच बसलं होतं. १६ दिसले. टोपी तुपाने माखलीय, पुसून ठेवली.

तिरफळ | १४ मे, रात्री ११.२०

कॅबिनेट आलं. बोर्डाखालचे पितळी खुंट मोजून लावले (एक जास्तीचा होता तो काढला, धन्यवाद मांडवी_पल्याड, व्यनि म्हणजे खासगी निरोप मिळाला). मागची पत्र्याची पट्टी, जिच्यातून यूएसबीची भोकं बाहेर येतात, ती विसरले. बोर्डाचे सगळे स्क्रू काढून परत. एसएसडीचा तो मुंगीएवढा स्क्रू दोनदा पडला, दुसऱ्यांदा चुंबकाने शोधला. विंडोज चढलं.

पण रेंडर लावलं की तापमान तीन मिनिटांत १०० अंश, आणि वेग धपकन खाली. मे महिना आहे म्हणून?

मांडवी_पल्याड | १४ मे, रात्री ११.३३

मे कितीही तापला तरी खोलीत ३४ अंश असतील. १०० ही त्या चिपची शेवटची मर्यादा, तिथे ती स्वतःच वेग कमी करते. कूलर नीट टेकलेला नाही. बोर्डाच्या पाठीमागून बघा, चारही पायांची काळी खिळी पांढऱ्या टोकांतून आरपार आली पाहिजे. चार आवाज ऐकले म्हणजे चार बसले असं नसतं.

एकदा उचललात की जुनी पेस्ट पुसून नवी लावा, वाटाण्याएवढी.

तिरफळ | १५ मे, सायंकाळी ६.५०

एक पाय नुसता उभा होता. आता ७४ च्या वर जात नाही. पहिला अंक, १ तास १० मिनिटांचा, तिन्ही कॅमेऱ्यांसकट २६ मिनिटांत!! लॅपटॉपला रात्र पुरली नव्हती.

एक विचित्र गोष्ट मात्र. मागे यूएसबी लावताना कॅबिनेटच्या उघड्या स्क्रूला हात लागला की बोटांत झिणझिण्या येतात. मुंग्या चालल्यासारखं. चपला घातल्या की येत नाही. आमची जमीन जुनी, तांबड्या सिमेंटची.

झुआरी | १५ मे, सायंकाळी ७.२०

सगळ्यांनाच येतं हो, मोबाइल चार्जरलाही येतं. दुर्लक्ष करा. आमच्याकडे वायरमनने सॉकेटमध्येच न्यूट्रलवरून अर्थच्या पिनेला लूप मारून दिली, तेव्हापासून बंद.

डिचोलीचा_नाना | १५ मे, रात्री ८.०२

झुआरी, आज जेवायच्या आधी ती लूप काढून घे. मस्करी नाही.

तिरफळ, नीट वाच. एसएमपीएसच्या तोंडाशी एक फिल्टर असतो. त्यात दोन छोटे कपॅसिटर. एक फेजपासून पत्र्यापर्यंत, दुसरा न्यूट्रलपासून पत्र्यापर्यंत. आतला गोंगाट बाहेरच्या तारांत जाऊ नये, अर्थमध्ये उतरावा म्हणून ते दिलेले असतात. अर्थ शाबूत असेल तर पत्रा शून्यावर. अर्थ तुटलेली असेल तर पत्रा त्या दोन कपॅसिटरांच्या मधोमध लोंबकळतो, म्हणजे २३० च्या निम्म्यावर, ११५ च्या आसपास. प्रवाह अगदी थोडा, मिलिअँपच्या घरातला, म्हणून नुसत्या झिणझिण्या. म्हणजे मशीन चांगलं आहे. घर आजारी आहे. मशीनने ते तुला सांगितलं एवढंच.

झिणझिण्यांनी माणूस मरत नाही. पण उद्या एसएमपीएसमध्ये, नाहीतर त्याच सर्किटवरच्या फ्रिजमध्ये, फेजची तार पत्र्याला टेकली तर? अर्थ असेल तर प्रवाह जमिनीत धावतो आणि फ्यूज उडतो. अर्थ नसेल तर काहीच उडत नाही. पत्रा २३० वर उभा राहून वाट बघतो.

आता ती लूप. न्यूट्रल अर्थला जोडली की झिणझिण्या जातात, खरं आहे. पण खांबावर किंवा मीटरपाशी न्यूट्रल सुटली, आणि पावसाळ्यात माडाची झावळ पडून ती सुटतेच, की घरातल्या चालू उपकरणांतून फेज परत न्यूट्रलवर येते आणि त्या लूपमधून थेट तुझ्या कॅबिनेटवर. बरं चाललेल्या मशीनच्या पत्र्यावर पूर्ण दाब. असली दोन घरं मी बघितलीत. त्यांतल्या एका घरात आंघोळीच्या पाण्याचा हीटर होता. पुढचं लिहीत नाही.

मल्टिमीटर असलेला माणूस बोलव. मीटर एसी व्होल्टवर ठेवून तीन आकडे आण: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. मशीनची पिन काढून. स्वतः करू नको, सवय नाही तुला.

झुआरी | १५ मे, रात्री ८.४०

काढली लूप. नाना, आभारी आहे. घाबरलो खरंच.

तिरफळ | १७ मे, दुपारी १२.१०

वायरमन आला होता. फेज-न्यूट्रल २३१. फेज-अर्थ कधी ९०, कधी ६०, आकडा ठरतच नाही. न्यूट्रल-अर्थही तसाच नाचतो.

डिचोलीचा_नाना | १७ मे, दुपारी १२.३०

नाचणारा आकडा म्हणजे तार हवेत आहे. मीटरला भूत दिसतं. चांगल्या अर्थला फेज-अर्थ जवळजवळ फेज-न्यूट्रलएवढा येतो आणि न्यूट्रल-अर्थ दोन-तीन व्होल्टच्या आत. खड्डा कुठे आहे घराचा?

तिरफळ | १७ मे, दुपारी १२.४५

कसला खड्डा?

डिचोलीचा_नाना | १७ मे, दुपारी १२.५०

हेच ते. मामंजींना विचार.

तिरफळ | १८ मे, सायंकाळी ६.१५

मामंजींना आठवला! मागीलदारी, न्हाणीच्या भिंतीबाहेर. वर नारळाच्या सोडणांचा ढीग, त्याखाली फुटकं मडकं, त्याखाली सिमेंटची झाकणी. वायरमनने झाकणी उचलली तर आत गंजलेला पाइप, आणि त्याला बांधलेली तार... बांधलेली नव्हतीच. खाऊन गेलेली. बोट लावलं तर शेवटचा इंचभर पिवळा भुगा हातात आला. मामंजी म्हणतात, हे घर वायरिंग केलं तेव्हा मीठ-कोळसा घालून खड्डा भरला होता, पहिली काही वर्षं उन्हाळ्यात ते स्वतः त्यात कळशी ओतायचे. मग नळ आले, न्हाणीची वाट बदलली, आणि विसरलं.

म्हणजे गेली कितीतरी वर्षं फ्रिज, वॉशिंग मशीन, पंप, सगळं असंच. लॅपटॉपच्या चार्जरची पिन दोन पायांची, त्यामुळे आम्हाला कळलंच नाही.

डिचोलीचा_नाना | १८ मे, रात्री ७.४०

मिठाने ओल धरते आणि मीठच लोखंड खातं. आपली जमीन चिऱ्याची. जांभा पाणी धरून ठेवत नाही, एप्रिल-मे मध्ये ठणठणीत कोरडा. कोरड्या जमिनीत अर्थ असून नसल्यासारखी, म्हणून ती कळशी. तुझे मामंजी शहाणे माणूस.

आता नवा इलेक्ट्रोड घाल, भरायला मीठ नको, बेंटोनाइटसारखी तयार पावडर मिळते ती. आणि मेन बोर्डात ३० मिलिअँपची आरसीसीबी (अर्थकडे गळती झाली की वीज तोडणारा स्विच) बसवून घे. परवानाधारक माणसाकडूनच. मीटरच्या अलीकडचं सगळं आपलं आपल्याला बघावं लागतं.

लॅमिंग्टन_रिटर्न | १८ मे, रात्री ८.१५

नानांनी २२ एप्रिलला सकाळी सहाला विचारलं होतं. आम्ही सगळे प्रोसेसरवर भांडत होतो. मी तर कधी विचारतही नाही गिऱ्हाइकाला. उद्यापासून विचारीन.

तिरफळ | २४ मे, रात्री ९.००

खड्डा झाला, आरसीसीबी बसली, बजेट पंचेचाळीसवरून बावन्नवर गेलं. झिणझिण्या बंद. फेज-अर्थ २२९, न्यूट्रल-अर्थ ४.

आता पावसाळ्यासाठी काय काळजी?

कुशावती | २४ मे, रात्री ९.२५

कॅबिनेटच्या मागच्या रिकाम्या पट्ट्या सगळ्या लावलेल्या आहेत ना? आमच्या मशीनमध्ये पाल शिरली होती. ऊब मिळते त्यांना. एसएमपीएसच्या आत मेली, मशीनही गेलं. दुरुस्तीवाल्याने उघडलं तेव्हा मी खोलीबाहेर.

जुलैत रोज तासभर तरी चालू करा, काम नसलं तरी. चालू मशीन स्वतःच्या उबेने कोरडं राहतं. पश्चिमेच्या खिडकीखाली ठेवू नका, आणि जमिनीवर तर नकोच.

बिमली | २४ मे, रात्री ९.५०

गडगडायला लागलं की पिन काढाच, नुसती स्विच बंद करून उपयोग नाही. नेटची वायरही काढा. लोक म्हणतात आमचं फायबर आहे, काचेतून वीज येत नाही. काचेतून नाही येत, पण राउटर विजेच्या अडॅप्टरवर चालतो आणि त्याच्यापासून तुमच्या बोर्डापर्यंतची वायर तांब्याची आहे. माझा लॅन पोर्ट तसाच गेला, ऑक्टोबरच्या परतीच्या पावसात.

आणि यूपीएस. ६०० व्हीए म्हणजे ३६० वॉटच्या आसपास, तुम्हाला पुरेल. मॉनिटर त्यावर लावा, प्रिंटर नको.

तिरफळ | ९ जून, रात्री १०.४०

परवा मंडपात पडदा लावून नाटक दाखवलं. दुसऱ्या अंकात वीज गेली, यूपीएस पिपाणीसारखा वाजायला लागला, आणि प्रेक्षकांना वाटलं तो नाटकातलाच आवाज आहे. राजाचं काम करणारे आमचे भाटकार (जमीनदार) स्वतःला पडद्यावर बघून म्हणाले, "मी एवढा हळू बोलतो?" त्यांना म्हटलं, आवाज वाढवलाय तरी.

नाना, आज मुद्दाम वायरमनला बोलावून आकडा घेतला. चार दिवस धो धो पडतोय. न्यूट्रल-अर्थ १.६.

डिचोलीचा_नाना | १० जून, सकाळी ५.५८

छान. आता ऑक्टोबरपर्यंत कळशी ओतायला नको, वरचा ओततोय. जानेवारीत परत बघ.

मांडवी_पल्याड | १० जून, सकाळी १०.१५

ताई, आमच्या मानकुरादांचं काय? व्यनिचे आंबे ठरले होते.

तिरफळ | १० जून, सकाळी १०.३२

मानकुराद संपले. बरका फणस आहे, येऊन घेऊन जा.